मनगटाला बांधलेली दोरी

"म्हणजे नेमका किती आवळायचा, आबा? आकडा सांगा ना!"

सोमाआबा मेथर ओल्या वाळूवर उकिडवे बसून बिडी ओढत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. आबा नाहीत, आणि ती वाळूही नाही. तिथे आता दगडी बंधारा आहे. पण ती सकाळ मला आजही लख्ख आठवते.

मी इंजिनिअर माणूस. धरणाच्या कामावर होतो, आकडा मिळाल्याशिवाय मला चैन पडत नसे. मेव्हण्याने दुबईहून मासेमारीचं भारी रीळ आणलं होतं आणि त्याच्या ड्रॅगने माझं डोकं खाल्लं होतं. ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. मासा पळाला की रीळ उलटं फिरून दोरी सोडतं. ती सहज सोडायची की ताणून, हे एक चकती फिरवून ठरवायचं. एवढंच! पण एवढ्याशा त्या चकतीने आठवड्यात माझ्या तीन तांबोश्या घालवल्या, चांगले हातभर लांब मासे. तिसरी तर नुकतीच, आबांच्या डोळ्यांदेखत.

आबांनी जन्मभर नुसत्या हाताने गरवलं होतं, म्हणजे गळ टाकून मासे धरले होते. दोरी बोटावरून सोडायची, बोटावरच धरायची. त्या बोटाला खाच पडली होती. त्यांना विचारायचं म्हणजे मला तसा कमीपणाच वाटत होता.

"ताणकाटा लावून मोजलंय मी," मी म्हणालो. "दोरी नऊ किलो सोसणारी. पुस्तकात लिहिलंय, तिसरा हिस्सा. म्हणून बरोब्बर तीन किलोवर लावला. तरी तुटली!"

"कधी तुटली?"

"तांबोशी लांब गेली तेव्हा. पार त्या खडकांपर्यंत गेली होती."

"मगे तू काय केलंस?"

"काय करणार? हातची जातेय म्हटल्यावर आणखी आवळला."

आबा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, आणि ते हसले की समोरच्याला उगाच आपण बावळट असल्यासारखं वाटायचं.

"आज तुझा चेडू येऊक नाय?"

चेडू म्हणजे माझी लेक, स्वरूपा. सात वर्षांची असल्यापासून ती माझ्याबरोबर गरवायला यायची. गळाला कोळंबी तीच लावायची, मला लावू द्यायची नाही. आता बावीसची झाली होती आणि येत्या रविवारी देहरादूनला निघाली होती. जंगलातल्या झाडांवर काहीतरी संशोधन करायचं होतं तिला.

"बोलत नाही ती माझ्याशी," मी म्हणालो. "नऊ दिवस झाले."

"कित्या?"

"मी काय वावगं म्हटलं सांगा! रोज आठ वाजता बूथवर जाऊन फोन करायचा. प्रत्येक सणाला घरी यायचं. वर्ष झालं की गाशा गुंडाळून परत. एवढ्या लांब चाललीय म्हटल्यावर बापाने एवढंही म्हणायचं नाही?"

"मगे ता चेडू काय म्हणाला?"



"म्हणाली... मग मी गेले की परत येणारच नाही."

आबांनी बिडी वाळूत विझवली.

मग उठले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी माझ्या मनगटाला गुंडाळला. तुटलेल्या दोरीला नवा गळ बांधायचा राहिलाच होता. दोरीचं ते मोकळं टोक त्यांनी पंच्यावर घट्ट बांधलं. चकती त्यांनी मघाशी होती तिथेच ठेवली आणि माझं रीळ स्वतःच्या हातात घेतलं.

"आता तू मासो," ते म्हणाले.

"काय?"

"मासो रे, मासो! जा, खाडीकडे चालत जा."

जाळी दुरुस्त करायला बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पन्नाशीचा, पोट सुटलेला साहेब हाताला दोरी बांधून निघालाय! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण निघालो.

सुरुवातीला ओढ बेताची होती. मागे रीळ कुरकुरत होतं.

शंभर पावलं. दीडशे... हात मागे खेचला जायला लागला. पंच्यातूनही दोरी रुतायला लागली.

मी वळून ओरडलो, "आबा, आवळताय कशाला?"

त्यांनी एक हात वर केला. रिकामा.

"हात लावूक नाय मी!"

"मग जड का लागतंय?"

"तू लांब गेलंस!"

मी तिथेच थबकलो.

अरे देवा... रिळावरची दोरी संपत आली की गुंडाळी बारीक होते. ब्रेक तोच, चकती तीच, पण बारीक गुंडाळीवरून दोरी सोडवायला जोर दुप्पट लागतो. साधं गणित! मी ते परीक्षेत सोडवलं होतं. आणि नेमकं तेव्हाच मी वरून आणखी आवळत होतो. तिन्ही वेळा.

पण खरं सांगतो, त्या क्षणी मला गणिताचं काही सुचत नव्हतं. मनगट दुखत होतं आणि संताप येत होता. जोराचा हिसका द्यावा, तुटू दे एकदाची, असं वाटत होतं. म्हाताऱ्याचं तोंडही बघू नये, असं वाटत होतं.

मी हिसका द्यायला हात उचलला...

आणि हात हलका झाला. पलीकडे आबांनी चकती सैल केली होती. ताणलेली दोरी वाळूवर पडली.

समोर खाडीचं तोंड होतं. भरपूर वारा होता. हवं तिकडे जाता आलं असतं.

किती वेळ उभा होतो, कोण जाणे. डोळे पुसले. मग वळलो आणि ती दोरी हातावर गुंडाळत आबांकडे परत चालत निघालो.

आबा मी येताना नुसते बघत होते. जवळ पोचलो तसं त्यांनी विचारलं,

"परत इलंस कसो? मी तर ओढूक नाय."