पंचगंगेची सीडी

‘अक्षरदीप’ हा संगणकावर लिहिण्याचा प्रोग्राम फुकट. कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा. इचलकरंजीच्या सुमनताई कोपर्डे त्यात शाळेच्या पोरांसाठी मराठी शब्दकोश घालून सीडी विकायच्या. एकदा अक्षरदीप संस्थेचे वकील निरगुडकर भर दुकानात गिऱ्हाइकांदेखत गरजले, “बदललेल्या मालावर आमचं नाव चालणार नाही. नियम आहे!”

ताईंनी निमूट ते नाव काढलं आणि ‘पंचगंगा’ छापलं.

वर्षभरात सगळ्या शाळा ‘पंचगंगा’च मागू लागल्या. मग निरगुडकर पेढे घेऊन आले. “ताई, आमच्या सीड्या पडून आहेत. त्यांच्यावर तेवढं ‘पंचगंगा’ छापू द्या की!”

“त्यात माझा शब्दकोश आहे?”

“नाही.”

“मग माझी सीडी न्या, हव्या तितक्या कॉप्या काढून विका. पण दुसऱ्या मालावर माझं नाव चालणार नाही, वकीलसाहेब. नियम आहे!”