उन्हात मिरवलेली थोरली

माणसाला आठवणार नाही इतक्या पूर्वीपासून नदीच्या दरडीत गारगोटीचे कण गाडलेले होते. अंधारात त्यांच्या पोटात वीज साठत जाई आणि त्या साठ्यावरून वय ठरे. त्या कणांतल्या थोरल्या जाऊबाई सर्वांत वयस्कर, म्हणून पहिला मान त्यांचा. तोरा तर विचारूच नका!

एके दिवशी वय मोजणारे आले आणि त्यांनी दरडीत काळी बंद नळी खुपसली.

“अंधारातून जाऊ? चोर आहे का मी?” थोरली कडाडली. “चारचौघांदेखत उन्हातून जाईन!”

“अहो जाऊबाई, ऊन लागलं की सगळी वीज उडून जाते,” नळीत बसलेली धाकटी कळवळली.

“जळतेस गं माझ्यावर!” म्हणत थोरली उन्हात मनसोक्त मिरवली.

मोजणी झाली. धाकटी हजारो वर्षांची निघाली आणि थोरलीचं वय शून्य. मान अर्थातच धाकटीकडे गेला.

ती मायेनं म्हणाली, “ये गं बाळ, पाया पड. आणि उन्हात फार खेळू नकोस हं.”