भिवराबाईची सात कणसे

उन्हाळ्यात दगडही तडकावेत अशा एका गावात काशिबा नावाचा शेतकरी आणि त्याची बायको भिवराबाई राहत होती. गावात उन्हाळी मका पिके, पण वैशाखाच्या झळांनी तुरे करपत आणि कणसे बोळक्या तोंडासारखी दाण्यांविना राहत. काढणीला जो तो त्यातले सर्वांत जाडजूड कणीस घराच्या आढ्याला टांगी. पुढच्या वर्षीचे बी तेच.

भिवराबाईने पाहिले, की जाडजूड कणसे नेमकी पाटाच्या कडेला, गारव्यात येतात. "ह्यात बियाचं कसलं कौतुक? कौतुक पाण्याचं," ती म्हणाली. तिने माळाकडच्या तापल्या मुरमातली, लहान पण टोकापर्यंत भरलेली कणसे निवडली. एवढ्यावर थांबेल ती भिवराबाई कसली! ते बी तिने मुद्दाम उशिरा पेरले, म्हणजे तुरा ऐन वैशाखात यावा. गाव हसले. काशिबाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तुरा आला आणि सूर्य आग ओकू लागला. पाळीचे पाणी दिले होते, तरी रोपे माना टाकू लागली. वर्षाचे धान्य त्या एका शेतात होते. काशिबाला बघवेना. जादा पाणी सोडायला तो फावडे घेऊन पाटाकडे निघाला.

भिवराबाई पाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. तिचेही डोळे भरले होते.

"पाणी सोडलं तर सगळीच जगतील. मग खरी कोणती, ते मला कोण सांगणार?"

"आणि खायचं काय?"

"औंदा माहेरून ज्वारी आणू. पण दरसाल रडायला नको."

काशिबाने फावडे टाकले. रागानेच टाकले.

अख्ख्या शेतात सात कणसे भरली. भिवराबाईने प्रत्येकाचे चार दाणे दाढेखाली फोडून पाहिले. सर्वांत मोठी दोन गारगोटीसारखी कडक आणि बेचव निघाली.

"राहू दे की, एवढ्या उन्हात भरलीत!" काशिबा कळवळला.

"भरलीत खरी, पण भाकरी गोड लागायला नको?" असे म्हणून तिने ती कोंबड्यांपुढे टाकली. धन्य ती बाई! सातांतली दोन टाकायला वाघाचे काळीज लागते.

उरलेल्या पाचांचे बी दरवर्षी उन्हात तावता, चाखता, निवडता सहा वर्षे गेली. सातव्या वर्षी असे ऊन पडले, की शिवारातला मका उभाच्या उभा वाळला. काशिबाच्या शेतात मात्र कणसे टच्च भरली, आणि भाकरी अशी, की पोरे कोरडीच खात. गाव बी मागायला दारात आले.

"काशिबा, काय बियाणं काढलंस रे!" कुणी तरी म्हणाले.

काशिबाने मान खाली घातली. "माझं नाव नका घेऊ. माझ्या हातात असतं, तर पहिल्याच वर्षी मी ते पाणी पाजून घालवलं असतं."

तात्पर्य: कळवळ्याने परीक्षा सोपी केली, की खरे कोण ते कधीच कळत नाही, आणि कठीण परीक्षेतून उतरलेल्यातलेही चांगले तेवढेच ठेवावे.