थँक्यूला मराठी शब्द

एका लहानशा संस्थानात विलायतेहून शिकून आलेले भार्गवराव राणीसाहेबांना इंग्रजी शिकवत. पुढे कॉलेज शिकलेल्या द्वारकाबाई मदतीला आल्या आणि राणीसाहेब उठता-बसता त्यांचंच कौतुक करू लागल्या. भार्गवरावांचा नुसता जळफळाट! एवढीशी पोर, दार वाजलं तरी दचकते, आणि कौतुक हिचं?

एके दिवशी भर दरबारात त्यांनी डाव टाकला. "बाई, साहेबाच्या घरी बायकोनं चहा दिला तरी थँक्यू म्हणतात. आपल्या घराघरांत त्याला शब्द कोणता? आभार, धन्यवाद नकोत, ते भाषणातले. सांगा, नाहीतर शिकवणी सोडा."

या शिकवणीवर तर द्वारकाबाईंचं घर चालत होतं. चाचरतच त्या म्हणाल्या, "रावसाहेब, दिवाळीला मी तुमच्याकडे फराळाचा डबा पाठवला होता. तो परत कसा केलात?"

"चांगला घासूनपुसून! वर थँक्यू लिहिलेली चिठ्ठीसुद्धा होती."

"आणि आत?"

"आत काय असणार? रिकामा डबा!"

"आमच्या आळीत शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर घालतात. आमचं थँक्यू ते. आम्ही ते बोलत नाही, डब्यात घालतो."

राणीसाहेब खळखळून हसल्या. "अगंबाई! म्हणून राजवाड्यावरून गेलेली ताटं तुमच्याकडून कोरडी येतात होय, भार्गवराव? शिकवणी बाईंकडेच राहू दे. तुम्ही आधी साखर आणा."