भरलेला फळा

एकदा एक वृद्ध विमान-तंत्रज्ञ आपल्या शिष्याला विमाने दुरुस्त करायच्या हँगरमध्ये काम शिकवत होता. तिथे भिंतीवर एक फळा होता आणि त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली होती. काम संपले की हत्यार आपल्या आकृतीवर टांगायचे. एक जरी आकृती उघडी राहिली तर विमान जागचे हलवायचे नाही, कारण विसरलेला पाना इंजिनात असू शकतो. नियम सोन्यासारखा होता. पाळणाऱ्याची मात्र धडगत नव्हती.

त्या दुपारी शिष्याने फळा पाहिला. एका पान्याची जागा रिकामी! प्रवासी विमानाकडे निघाले होते. गेल्या दिवाळीत त्याच्या मित्राने असेच विमान थांबवले होते. हरवलेले हत्यार बाकाखाली सापडले, आणि नाहक खोळंबा केला म्हणून व्यवस्थापकांनी मित्रालाच घरी बसवले. शिष्याचे तर नुकतेच लग्न ठरलेले. तो गुपचूप बाहेर गेला, आपल्या स्कूटरच्या डिकीतला तसाच पाना आणला आणि टांगून दिला.

"फळा भरला?" वृद्धाने विचारले.

"भरला, सर."

वृद्धाने खिशातून हँगरचा पाना काढला. "मग हा कुठला रे?"

शिष्याची नजर फळ्यावरच्या पान्याकडे गेली.

"हा माझ्या खिशात होता म्हणून ठीक. इंजिनात असता तरी तू हेच केले असतेस. तुझी लाज वाटते मला; आणि ज्या साहेब लोकांनी तुला हे शिकवले, त्यांची त्याहून जास्त. खरे बोलणाऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा, आणि आमच्याकडे कधी काही हरवतच नाही म्हणून बक्षिसे मिरवायची! रिकाम्या आकृतीची मला भीती नाही, बाळा. ती निदान खरे सांगते. भीती वाटते ती या भरलेल्या फळ्याची."

"साहेबांना सांगितले तर?"

"नोकरी जाईल."

"आणि नाही सांगितले तर?"

"बढती मिळेल. एक दिवस तूच साहेब होशील."

शिष्य फळ्यापाशी गेला. मग त्याने स्कूटरचा पाना उतरवला आणि साहेबांच्या खोलीकडे चालू लागला. "थांब," वृद्ध म्हणाला, "मीही येतो."

दुसऱ्या दिवशी फळा पुन्हा भरलेला होता. ते दोघे तेवढे नव्हते.

आपल्या कचेरीतला फळा रोज भरलेला दिसत असेल, तर तो कशाने भरला आहे हे एकदा विचारावे. आणि उत्तर देणाऱ्याला घरी बसवू नये.