शिंप्याने ऐकलेली चढाई

एका गावात एक कोडं होतं आणि ते काही केल्या सुटत नव्हतं. गावातल्या मुलींचा कबड्डीचा संघ बाहेरगावी जिंकून यायचा, घरच्या मैदानावर मात्र हटकून हरायचा.

असं का बरं? लोकांनी मैदानाची माती बदलली, नारळ फोडला, लिंबूसुद्धा उतरवून टाकलं. छे, काही उपयोग नाही! सगळ्यांत जास्त चिडायचा गावचा शिंपी, कारण चढाई करणारी केशर त्याची लेक. तिने सांगूनच टाकलं होतं, "बाबा, यंदा हरलो तर मी खेळ सोडणार."

यंदाही तेच. पाहुण्या मुली चढाईला आल्या की लोक श्वास रोखून बघायचे. केशर निघाली की मात्र पाहुण्यांना आणि पंचांना नको नको ते बोलायचे. शिंप्याचा आवाज सगळ्यांच्या वर!

पंच म्हणाले, "दम तुटला. केशर बाद."

शिंपी तावातावाने मैदानात घुसला. "कान फुटलेत का हो तुमचे? माझी पोर दम सोडत नाही!"

म्हातारे पंच रागावले नाहीत. "मग तिचं 'कबड्डी कबड्डी' मला ऐकू का येत नाही? या, माझ्याशेजारी उभे राहा आणि तुम्हीच सांगा."

उभा राहिला बापडा. संघातली दुसरी मुलगी चढाईला निघाली. तिचे ओठ हलत होते, पण ऐकू येत होत्या त्या फक्त शिव्या. समोर केशरच्याच वयाची एक पाहुणी मुलगी बाहीने डोळे पुसत होती. शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुण्यांची एक बाद झाली, तशी शेवटच्या चढाईला केशर परत आत आली. गुण सारखे होते. शिंपी लोकांपुढे धावला, हात जोडून म्हणाला, "गप्प बसा हो! बाहेरगावी आपण नसतो, म्हणून पोरी जिंकतात!"

लोक चकित झाले, पण गप्प झाले.

आणि मग ऐकू आलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... बारीक, पण न तुटणारा आवाज. केशर एकीला शिवून परतली आणि पंचांनी हात वर केला.

गाव नाचू लागलं. शिंपी आधी त्या पाहुण्या मुलीकडे गेला. "चुकलो गं बाळ," म्हणाला. मग लेकीजवळ आला.

"इतकी वर्षं खेळतेस केशर, तुझा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

तात्पर्य: बाहेरून दिलेली शिवी पाहुण्यांना तर लागतेच, पण आपल्या माणसाचा आवाजही गिळून टाकते.