किल्ली आहे, घर तेवढं द्या

"किल्ली माझ्याजवळ आहे. घर तेवढं मिळेल का?"

घोंगडेबाबांनी मान वर केली नाही. ते तांदूळ निवडत होते.

"कोण?"

"गुंजी. वय नऊ. कामाला वाघ आहे, खाते कमी, झोपेत बडबडते. आधीच सांगितलेलं बरं."

"कुणाची?"

"…कुणाची असते तर एवढा माळ चढून कशाला आले असते?"

खरंच आहे. घोंगडेबाबांच्या माळावर उगाच कुणी चढत नाही. वर एक हिवराचं झाड, झाडाखाली तीन दगडांची चूल, चुलीपाशी बाबा आणि बाबांच्या खांद्यावर ती प्रसिद्ध घोंगडी. मागाल ते घोंगडीखालून निघतं असं म्हणतात. मी स्वतः काही मागून पाहिलेलं नाही. ही हकीकत मला त्या दिवशी तिथे जेवलेल्या कावळ्याने सांगितली. कावळा एरवी एक नंबरचा लबाड, पण जेवणावळीबद्दल तो खोटं बोलत नाही.

"किल्ली कुठली?" बाबांनी विचारलं.

"रस्त्यात सापडली. म्हटलं, निम्मं काम झालं."

"बरोबर."

"आता उरलेलं निम्मं तुम्ही करा."

बाबांनी एक खडा काढून फेकला. मग म्हणाले, "चार दिवस पाहुणी म्हणून राहा की."

झालं! गुंजीचा पारा चढला.

"पाहुणी मी सात गावांत झाले, बाबा. पहिल्या दिवशी 'ये बाळ'. दुसऱ्या दिवशी 'जेव बाळ'. तिसऱ्या दिवशी 'कधी निघणार बाळ?' मला पाहुणी व्हायचं नाही. लिहून घ्या हवं तर."

"लिहिता कुठे येतं मला," बाबा म्हणाले. "पण ऐकलं."

त्यांनी घोंगडीखाली हात घातला. चाचपलं. एक जुनं पायताण निघालं, ते परत टाकलं. मग निघालं बोटभर उंचीचं एक घर. ते त्यांनी जमिनीवर ठेवलं आणि त्यावर दोन थेंब पाणी शिंपडलं.

घर वाढलं. भिंती वाढल्या, कौलं वाढली, खिडकीला गज आले. दाराला कुलूप आलं.

गुंजीनं किल्ली लावली. पहिल्या फटक्यात कुलूप उघडलं.

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बाबा पुन्हा तांदळाकडे वळले.

थोड्या वेळानं खिडकीतून हाक आली.

"बाबा!"

"काय गं?"

"काही नाही."

…

"बाबा!"

"आता काय?"

"काही नाही. कुणी ओ देतंय का बघत होते."

तिसऱ्यांदा हाक आली नाही. गुंजीच बाहेर आली. तोंड एवढंसं झालेलं.

"यात काहीतरी कमी आहे."

"चूल नाही?"

"आहे."

"छप्पर गळतंय?"

"नाही हो. सगळं आहे…" ती अडली. "आत गेल्यावर कुणी विचारलंच नाही, एवढा वेळ कुठे होतीस म्हणून."

बाबांनी घराला टिचकी मारली. घर पुन्हा बोटभर झालं आणि घोंगडीखाली गेलं.

"अहो, माझं घर!"

"आज पंगत आहे. पाहुणे यायची वेळ झाली. पंगत उठू दे, मग तुझ्या घराचं बघू."

"नक्की?"

"आधी हे सूप धर. आणि खडे नीट बघ. गेल्या खेपेला अस्वलरावांचा दात पडला."

वर्षातून एकदा बाबा माळावरच्या सगळ्यांना जेवायला बोलावतात. घोंगडीखालून घर निघतं, पण शिजलेला भात निघत नाही. तो शिजवावाच लागतो. बाबांनी तिला घटकाभरही बसू दिलं नाही.

"गुंजे, लाकडं आण. ही कसली ओली आणलीस? डोळे फुटले की माझे धुरानं!"

"गुंजे, मीठ बघ. बघ म्हणजे चाख, नुसतं टक लावून काय बघतेस?"

"गुंजे, पत्रावळी मांड. वाकड्या नकोत. लोक काय म्हणतील?"

गुंजी पुटपुटत होती. घर मागायला आले की वेठबिगारीला? पण पत्रावळी तिनं सरळ मांडल्या. अकरा. शेवटची जरा मोठी निघाली, ती तिनं मनातल्या मनात स्वतःसाठी धरली.

भरदुपारी पाहुणे आले. अस्वलराव सपत्नीक. मोर, नेहमीप्रमाणे सगळ्यांनी पाहिल्यावर. तीन मुंगसं, एक घोरपड, एक ससा. साळिंदरबाई, ज्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. आणि माझा कावळा.

"या, या, अस्वलराव! वहिनी, इकडे सावलीत बसा. साळिंदरबाई, आपण जरा ऐसपैस."

बाबांची जीभ कशी साखरेत घोळलेली. गुंजी बघतच राहिली. आपल्याशी बोलताना कुठे जाते ही साखर?

दहा पानं भरली. एक उरलं, मोठं. मसालेभाताचा वास माळभर पसरला होता. कालपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. तिनं परकर सावरला आणि ती पानावर बसली.

"ऊठ!" बाबा म्हणाले.

सगळी पंगत वळून बघू लागली.

"गुंजे, ऊठ म्हणतो ना? वाढायचं कोणी?"

ती उठली. कान लाल झाले होते. तेवढ्यात उतारावरून कासव आलं. ते मागच्या वर्षीच्या पंगतीला निघालेलं होतं.

"उशीर तर नाही ना झाला?" कासवानं विचारलं.

"छे छे! अगदी वेळेवर," बाबा म्हणाले. "बसा." आणि त्यांनी कासवाला ते मोठं पान दिलं.

गुंजीचे डोळे भरून आले. कासवाला पान, कावळ्याला पान आणि मला 'ऊठ'. सात गावांत असं कुणी उठवलं नव्हतं. घर देतो म्हणणारा हाच बाबा का? पण पंगत उठल्यावर घराचं बघू असं ते म्हणाले होते. त्या एका शब्दावर तिनं पळी उचलली.

तिनं वाढलं. बाबांनी आग्रह केला. "अस्वलराव, संकोच करायचा नाही." अस्वलरावांच्या सात पिढ्यांत कुणी संकोच केलेला नव्हता. तीनदा भात झाला, चौथ्यांदा झाला. मध्येच त्यांनी उलथनं मागून घेतलं आणि त्यानं पाठ खाजवली. दांडा मोडला.

गुंजीनं पातेल्यात डोकावलं. मग ती हळूच बाबांपाशी गेली.

"बाबा, भात तळाला लागला."

"हळू बोल!" बाबा कुजबुजले. "त्यांच्या कानावर जाता कामा नये. थोडं थोडं वाढ. पातेलं तिरकं धरू नकोस, दिसतं."

"आणि ताकही संपत आलंय."

"पाणी घाल."

"…किती?"

"डोळे मिटून घाल."

तिनं घातलं. पहिला घोट अस्वलरावांनीच घेतला आणि मिशा पुसल्या.

"ताक जरा पातळ वाटतंय, नाही?"

बाबांना ठसका लागला. तेव्हा गुंजीच पुढे झाली, कमरेवर हात ठेवून.

"उन्हाचं पातळच घ्यावं, अस्वलकाका. आमच्याकडे असंच करतात."

"हो का? छान, छान. अजून वाढ बरं."

बाबांनी दाढीवरून हात फिरवला. कावळा म्हणतो, ते हसत होते. बाकी कुणी पाहिलं नाही.

पंगत उठली. सगळ्यांनी ढेकर दिल्या. साळिंदरबाईंनी जाताना आशीर्वादाला जवळ घेण्याचा प्रयत्न केला, तो गुंजीनं चुकवला. मोर परत परत वळून बघत गेला, कुणी बघतंय का ते. शेवटी कासव निघालं.

"पुढच्या वर्षी येतोच," ते म्हणालं.

"आत्ताच निघालात तेच बरं," बाबा म्हणाले.

माळ रिकामा झाला. उष्ट्या पत्रावळी पडल्या होत्या. कावळा निघाल्यासारखं करून फांदीवर जाऊन बसला होता, म्हणून पुढचं मला कळलं.

गुंजीनं आपलं गाठोडं उचललं.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"जिथे पान मिळेल तिथे."

"आणि घर?"

"नको मला तुमचं घर!" तिला रडू फुटलं, आणि ते आता थांबेना. "दिवसभर राबले. धूर खाल्ला. तुमच्यासाठी खोटं बोलले, त्या अस्वलाच्या तोंडावर! आणि मला काय मिळालं? 'ऊठ'. कासव वर्षभर उशिरा आलं तरी त्याला पान. मला चार शितं नाहीत. उपाशी राहायची मला सवय आहे, बाबा. पण सगळ्यांदेखत उठवलंत…"

बाबांनी पातेलं पुढे ओढलं आणि आत पाहिलं.

"किल्ली दे," ते म्हणाले.

"घ्या! नाहीतरी काय उपयोग तिचा!"

तिनं किल्ली फेकली. बाबांनी ती झेलली, धोतराला पुसली आणि पातेल्यात घातली. उलथनं मोडलेलंच होतं. पातेल्याच्या तळाला भाताची खरवड धरली होती. लालसर, खमंग, तेल सुटलेली. ती त्यांनी किल्लीनं खरवडायला सुरुवात केली.

खर्र… खर्र…

गुंजी पाठ फिरवून उभी होती. वास आला तशी तिची मान वळली, पाय मात्र वळले नाहीत.

बाबांनी सगळी खरवड काढली. दोन पत्रावळी घेतल्या, एक फाटकी आणि एक बरी. चुलीमागे झाकून ठेवलेली वाटी काढली. तिच्यात गुळाचा खडा होता आणि त्यावर तुपाची धार. खरवडीचे दोन भाग केले. मोठा भाग बऱ्या पत्रावळीवर ठेवला आणि वाटी त्याच्या शेजारी. किल्ली चाटून पाहिली आणि ती चुलीपाशी चिमट्याशेजारी खोचून ठेवली.

मग ते हुश्श करून खाली बसले, पाय लांब केले आणि उतारावर नजर टाकली. अस्वलराव आता ठिपक्याएवढे दिसत होते.

"गेले एकदाचे पाहुणे!" बाबा म्हणाले. "ये गुंजे, आता आपण बसू."